नायट्रोजनचं तापमान

व्हिल्नियसमध्ये रात्री अकरा वाजता
दाउमांते पुन्हा दिवे घालवते.
काचेच्या नळीत नुसता नायट्रोजन,
म्हणजे हवाच, जराशी सोवळी.

पहिला झोत: शंभर फेम्टोसेकंद.
एवढ्यात पापणीने लवायचा विचारही केलेला नसतो.
रेणूंना टिचकी बसते,
सगळे एका रेषेत येतात, लगेच पांगतात
आपापल्या गिरकीत,
आणि आठ पिकोसेकंद उलटल्यावर
कुणी न सांगता
पुन्हा समेवर.

मग दुसऱ्या झोताने विचारायचं: किती ऊब आहे रे?
पडद्यावर कंगवा उमटतो,
त्याच्या दात्यांच्या उंचीवरून आकडा निघतो.

आज दाते पुसट होते, म्हणून तिने जोर वाढवला.
कंगवा झळाळला. देखणा.
आकडा: सदुसष्ट अंश.
भिंतीवरचा पारा एकविसावर,
तिच्या खांद्यावर लोकरी शाल.

विगान्दास येतो काळा पाव चघळत,
बघतो, म्हणतो, "हा ताप त्यांचा नाही. तुझा."
विचारण्यानेच त्यांना जिना चढवलाय,
तोही दोन दोन पायऱ्या गाळून
धापा टाकत.

ती झोताच्या वाटेत करड्या काचा सरकवते.
पन्नास.
अडतीस. सव्वीस.
दाते विझत जातात,
आकडा खऱ्याकडे सरकतो.

बाहेर नेरिस नदी गोठताना
बारीक कडकड करते, इथपर्यंत ऐकू येत नाही.

तेविसाच्या पुढे पडदा काळाच.
वहीत ती तेवीस लिहिते,
आणि खाली, पेन्सिलीने:
वरचे दोन माझे.