लपवेल आहेत

पेन ड्राइव्ह लागला असेल दोन मिनिटं.
बचत गटाचा हिशोब छापायला रत्नप्रभा
जामनेर रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली
आणि रुमालाच्या गाठीत सुट्ट्या पैशांसोबत
ते घेऊन आली. तिला काय माहीत.

संध्याकाळी प्रत्येक फोल्डरवर वाकडा बाण.
टिचकी मारली की एक काळी खिडकी
उघडायची, मिटायची,
मागे काही नाही.
नातीचं बारसं, पेन्शनचे कागद,
चौदा बायकांचे हप्ते,
सगळ्यांचं वजन एक केबी.

मी गार्ड होतो, मालगाडीवर.
अठ्ठावन्न वाघिणी मोजून घ्यायच्या, अठ्ठावन्न पोचवायच्या.
एकतीस वर्षांत
एवढी गाडी अशी जागच्या जागी हरवली नव्हती.

भुसावळचा मे. रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.
शकील पिंजारी आला, कूलरसमोर खुर्ची ओढली,
आधी इंटरनेटची वायर उपटली.
गोवर निघालेल्या पोराला वेगळं निजवतात, तसं.
"काका, फायली मरेल नाहीत.
लपवेल आहेत."

मग तो त्याला शोधू लागला.
यादीत भलत्याच साळसूद नावानं बसला होता.
मारला, तर दुसऱ्या नावानं उठला.
पुन्हा मारला.
तपासणी एक्केचाळीस टक्क्यांवर आली आणि लाइट गेली.
आम्ही तिघं अंधारात केळीचे वेफर्स खात बसलो,
कुडुम कुडुम आवाज तेवढा.
लाइट आली. पुन्हा शून्यापासून.

शेवटी त्यानं काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली,
आणि पहाटे यार्डात शंटिंग व्हावं
तसे एकेक फोल्डर येऊन लागले.
सवयीनं मोजले.
सतरा.
सोळा हवे होते.

"हे व्हायरसनं नाही लपवेल," शकील हळूच म्हणाला,
"हे कोणीतरी हातानं लपवेल होतं.
मी सगळ्यांचंच झाकण काढलं ना."
रत्नप्रभा आत भांडी घासत होती.
दोनशे रुपये घेऊन तो गेला.

नवीन फोल्डर तीन. त्यात एक तक्ता.
मी रिटायर झालो त्या तारखेपासून.

१२ मार्च. ऊन ४१. बोलले सात शब्द, त्यात दोन हं.
१३ मार्च. म्हणाले, चहा गोड आहे. तीनच, पण चांगले.
२ एप्रिल. ऊन ४४. काही नाही.
मी झोपले असताना कूलरमध्ये पाणी टाकलं.
हे कोणत्या रकान्यात लिहू?

महिन्याच्या शेवटी बेरीज. गटाचं करते तशीच,
चूक नाही एकही.

ब्रेकव्हॅनमध्ये बोलायला असतं कोण?
ड्रायव्हर अर्ध्या किलोमीटरवर पुढे.
तो हिरवा दिवा हलवणार, मी हिरवा दिवा हलवणार,
झालं, सर्व ठीक.
मला वाटायचं
घरातही तो दिसतो.

उजवं बटण दाबलं. लपवा, या चौकटीत खूण केली.
फोल्डर आधी फिकट झालं, मग नव्हतंच.
सोळा.

सकाळी चहा आला.
म्हटलं, रत्ना, त्या शकीलनं काय केलं ठाऊक आहे का,
आधी वायरच काढली,
आपण असतो तर बंद-चालू, बंद-चालू करत बसलो असतो,
आणि तो झेरॉक्सवाला, त्याला सांगायला पाहिजे,
गावभर वाटत असेल तो,
आणि हे बघ, तुझे चौदाच्या चौदा हप्ते सापडले,
त्या भंगाळेबाईचा फेब्रुवारीचा राहिला आहे वाटतं...

ती माझ्याकडे बघत होती.
पदराखाली तिचा अंगठा
बोटांच्या पेरांवरून सरकत होता.
बारा पेरं संपली.
तिनं कपबशी खाली ठेवली
आणि दुसरा हात मोकळा केला.