अर्धा आटा

उद्यमनगरात, आमच्या बंद शेडच्या पायरीवर
बाहू उकिडवा बसतो, नऊ ते साडेबारा,
समोरच्या निल्लेंच्या लेथकडे बघत.
पोलाद फिरतं, हत्यार टेकतं,
निळसर कीस सुटतो, लांब, कुरळा, गरम,
आणि बाहूचे तळवे फडफडतात.
पस्तिशीतला माणूस.
येणारेजाणारे आता हसत नाहीत. सवय झाली.

मी मेंदूवर काम करते. म्हणजे
इथून लांब, एका तळघरात,
बोगद्यासारख्या यंत्रात माणसांना आडवं झोपवते.
पडद्यावर कोडं. बरोबर बटण दाबलं
की एक हसरा चेहरा, बक्षीस म्हणून.
मेंदूच्या तळाशी शेंगदाण्याएवढी जागा आहे,
तिथं रक्त धावत येतं.
स्वमग्न मुलांमध्ये कमी येतं, असं आम्ही छापलं.
आलेख देखणा होता.

छापून झाल्यावर एका रात्री भाऊ आठवला,
आणि प्रश्न पडला: बक्षीस कुणी ठरवलं?
मग मुलांच्या आयांना विचारलं, याला काय आवडतं,
आणि चेहऱ्यांच्या जागी लावली
पंख्याची पाती, एस.टी.च्या पाट्या,
वॉशिंग मशीनचं गोल दार.
तीच जागा अशी पेटली
की सहायकानं यंत्र पुन्हा तपासलं.

अण्णांना बोगद्यात घालायची गरज नाही.
चौदा महिने पलंगावर, तोंड भिंतीकडे.
पूर्वी गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली धरलेला पेला
एका दमात संपवायचे,
आणि फेसाची मिशी तशीच घेऊन घरी यायचे,
आक्कानं ओरडावं म्हणून.
काल मी तिथूनच दूध आणलं. हातात दिलं.
प्याले.
कसं आहे?
“गोड हाय.”
खोटं नाही बोलले. जिभेला अजून कळतं.
आवडणं शाबूत आहे, हवंसं वाटणं गेलंय.
विद्यार्थ्यांना हे मी दोन रंगांच्या खडूंनी
फळ्यावर काढून दाखवते, दोन वेगळे रस्ते.
इथं खडू नव्हता.
पेल्याला चिकटलेली साय होती, आणि ती पुसणारी मी.

“डॉक्टर हाय की घरात,” शेजारच्या चौगुलेकाकू म्हणतात,
“मग काळजी कसली?”
तसली डॉक्टर नाही मी, काकू.
मी फक्त गोळ्यांच्या वेळा
मोठ्या अक्षरात फ्रिजवर लिहिते.

परवा निल्लेंची सुट्टी होती.
बाहूनं दोनदा पायरी चढली, उतरली,
मग देव्हाऱ्यामागची किल्ली काढून
आमचंच शटर वर केलं.
चौदा महिन्यांची धूळ, आणि लेथ सुरू.
वर खोलीत अण्णा भिंतीला म्हणाले,
“पट्टा सैल झालाय.”
मी श्वाससुद्धा मोजून घेतला.
“कानाला कळंना व्हय कुणाच्या?”
आणि उठले. बंडीवर, अनवाणी,
कठडा न धरता खाली.
मोटर मागं सरकवली, बोल्ट आवळला,
दोन बोटांनी पट्टा दाबून पाहिला.
बाहूनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
त्यांनी बाहूच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
दोघं फिरत्या चकाकडे बघत उभे राहिले
बराच वेळ.
माझ्या यंत्रात हे कुठं मावतं.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत.
आज तिसरा.
बाहू खाली लेथ लावतो, बंद करतो, लावतो.
पट्टा घट्ट आहे, आवाज एकसारखा,
ऐकण्यासारखं त्यात काही नाही.

माहीत आहे मला, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.
ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची सही घ्यावी लागते,
समितीपुढं अर्ज, तीन प्रतींत.

रात्री दोघं झोपल्यावर
पाना घेऊन खाली गेले, दिवा न लावता.
चाचपून बोल्ट शोधला.
अर्धा आटा सैल केला.