उद्यान विभाग

उद्यान विभाग म्हणजे मी.
एक विळा, दोन पाट्या, रबरी पाइप
मधोमध सायकलच्या ट्यूबनं बांधलेला,
आणि किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या तीन किल्ल्या कशाच्या
हे माझ्याआधीच्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

नगरपंचायत झाली तेव्हा गावाला बगिचा मिळाला.
आधी इथं बैलबाजार भरायचा.
अजूनही हातभर खणलं की शेणाची माती निघते,
म्हणून जास्वंद कुणाचं ऐकत नाही.
लॉन मात्र, नागपूरहून गाडीभर आणलेलं,
पहिल्याच मे महिन्यात पापडासारखं वळलं.

कारंजं उद्घाटनाला अकरा मिनिटं उडालं.
पाणी टँकरचं.
मग तिथं सरडे राहायला आले.
मी स्टॉकबुकात लिहितो : कारंजे, नग एक, स्थिती बंद.
सरड्यांना रकाना नाही.

एप्रिलात घसरगुंडी तव्यागत तापते.
पोट्टे ओलं पोतं घेऊन वर चढतात,
बसतात, सुटतात,
खाली येईस्तोवर पोतं अर्धं वाळलेलं.
मी ओरडतो. ओरडणं ड्यूटीत आहे.
पोतं कुठून आणलं ते विचारत नाही,
ते माझ्याच खोलीतलं असतं.

गेटावरचा फलक माझ्या अक्षरातला :
सकाळी सहा ते आठ, सायंकाळी पाच ते आठ.
फुले तोडू नयेत.
बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये.
मॅडमनी सांगितलं, मी रंगवलं.
शेवटचा ‘नये’ जागा संपल्यामुळं
जरा खाली घसरला.

कापसाच्या हंगामात
जिनिंगची पाळी रात्री साडेनवाला सुटते.
पौषातली गोष्ट. पांढरकवड्याची शेवटची एसटी गेली होती,
मी खोलीतून निघालोच होतो
तर गेटाशी सात बाया.
केसांत रुई, भुवयांत रुई, पापण्यांवर रुई,
एका पाळीत म्हाताऱ्या होऊन आल्यागत.
“भाऊ, झोक्यावर जरासं बसू द्या ना जी.”
बोलली येणूबाई तोडसाम. नातवंडं आहेत तिला.
मी फलकाकडं बोट केलं.
“मले कुठं वाचता येते?” म्हणाली,
“अन् बारा वर्साची होतो तवा मी
सरकीच्या ढिगावर होतो बाप्पा. थेथं झोका नोता.”

मी किल्ली शोधू लागलो.
जुडग्यातली किल्ली अंधारात सापडायला वेळ लागतो.
तेवढा वेळ मला लागणारच होता.

आधी आली साखळीची कुरकुर,
लेकरांच्या वजनानं कधी न येणारी,
जड, संथ, तेल मागणारी.
कोणीच बोलत नव्हतं.
पाय वर गेले की डोक्यातली रुई सुटायची,
खांबावरच्या दिव्याखाली जराशी तरंगायची
आणि माझ्या झाडलेल्या वाटेवर पडायची.
एकीनं चपला काढून बाजूला मांडल्या होत्या,
पाहुणी म्हणून कुणाच्या घरी गेल्यासारख्या.
हसणं फार वेळानं आलं.

चौथ्या रात्री साखळी तुटली.
शेवंता पडली, कोपर सोललं,
आणि धुळीत बसून इतकी हसली
की पलीकडच्या लाइनीतले कुत्रे उठले.
रज्जाक वेल्डरला म्हटलं, जाड कडी टाक.
“किती वजनाची?”
म्हटलं, दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईच्या वजनाची.
त्यानं चष्मा चढवला. ठिणग्या उडाल्या.
पैसे मागितले ते फक्त कडीचे.

मार्चअखेर कागद आला :
दैनिक लाभार्थी, मुले, मुली, ज्येष्ठ नागरिक.
दुरुस्तीचे कारण. शेरा.
जिनिंग तेव्हा संपतच आलं होतं,
तरी मी ‘मुली’च्या रकान्यात
नेहमीच्या आकड्यात सात मिळवले.
कारण लिहिलं : नियमित वापर.
आणि शेऱ्यात, जपून, सरळ अक्षरात :
गेटाचे कुलूप रात्री नीट लागत नाही.
नवीन कुलपाची
तूर्त आवश्यकता नाही.