अर्ज

रोलातलं टायपिंग सेंटर बंद आहे. शटर अर्धं ओढून
मी आत एकटा, हातमोजे घालून टाइप करतोय.
सुभान परकार. वय एकसष्ट.
न वठलेला चेक, एका क्रेनच्या भाड्याचा.
मूत्रपिंड एक. दुसरं धाकट्या भावाला दिलेलं;
त्याचा कागद दापोलीहून व्हॉट्सॲपवर आलाय,
डॉक्टरच्या सहीवर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली.

वकीलबाई म्हणाल्या, भावना नकोत, आकडे लिहा.
लिहितो: कोठडी आठ जणांची, माणसं एकोणीस.
साबण आठवड्याला एक वडी.
अंतर... इथं अडतो.
सुभानभाई फोनवर म्हणाले होते,
"अंतर कसलं? शेजारचा कूस बदलतो
तेव्हा मलाही बदलावी लागते."
हे अरबीत बसेना. लिहिलं: शून्य.

मग धाप.
कोशात दमा आहे, श्वासाचा त्रास आहे,
पण एकही पायरी न चढता लागलेली ती धाप,
वाक्य अर्ध्यातच खाली ठेवून
ते जे थांबतात,
ते कुठल्या रकान्यात?

सुनावणी पडद्यावर झाली.
तुरुंगाच्या चौकटीत सुभानभाई, मास्क हनुवटीवर.
खोकले असावेत. आवाज बंद होता.
खांदे तेवढे दोनदा हलले, हसल्यासारखे.
घेणेकऱ्याचं म्हणणं मागवा. पुढची तारीख, रविवार.

रविवारी कळलं, घेणेकरीच इस्पितळात.
पुन्हा रविवार.

अरबीत सुटकेचा शब्द वेगळा, मरणाचा वेगळा,
दोघांची कधी गाठ पडत नाही.
आपल्याकडे माती देऊन आल्यावरही
पडवीत बसून लोक म्हणतात, सुटला बिचारा.
इतकी वर्षं दोन्ही भाषांवर पोट भरतोय,
हे आधी कधी खुपलं नव्हतं.

रात्री त्यांची बहीण, रुकय्या, फोनवर:
"सुभान सुटला का रे?"
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी लहान मूल.
म्हटलं, "नाही. अजून नाही."
"बरं," ती म्हणाली,
आणि इतका मोठा श्वास सोडला
की मी कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं
ते मलाच कळेना.

अर्जाच्या तीन प्रती लागतात.
प्रिंटर जुना आहे, गरम व्हायला वेळ घेतो.