आहे तसं

पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं :
घर आहे तसं विकायचं आहे.
तरी आम्ही तपासनीस बोलावला. लाइल हॅल्व्हर्सन
टॉर्च दातांत धरून तळघरात उतरला
आणि दीड तासानं गुडघ्यांना माती लावून वर आला.

अहवाल एक्केचाळीस पानांचा.
फर्नेस बत्तीस वर्षांचा.
सांडपाण्याच्या नळात मेपलची मुळं,
उत्तरेची भिंत अर्धा इंच आत,
कुणी खांदा टेकून उभं असल्यासारखी.

ऑटिस म्हणाला, मागायला काय जातंय?
एजंटकरवी आकडा धाडला, नऊ हजार.
व्हर्ना कोस्कीबाईंचं उत्तर : नाही.
सहा?
नाही.
बरं, निदान फर्नेस तरी?
बाई म्हणतात, एवढी वर्षं डुलूथची थंडी
मी त्याच्यावरच काढली.

माघारीची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.
गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो,
खरं तर नको म्हणायचं कारण शोधायला.

तळघराच्या जिन्यात तिसरी पायरी नवी.
पाइनचं कोरं लाकूड, स्क्रू अजून चमकणारे.
अहवालात ही नव्हती.
आम्ही मागितलीही नव्हती.

बाई वरच्या दारात, अंगात कोट, काखेत मांजर.
"रेनो इथेच घसरला," म्हणाल्या.
"बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

किंमत एका डॉलरनंही उतरली नाही.

ऑटिस त्या पायरीवर
जरा जास्तच वेळ उभा राहिला.
गाडीत बसल्यावर म्हणाला,
बर्फ पडायच्या आत
फर्नेसचे पैसे जमतील बहुतेक.