परवाना क्रमांक

अकरा वर्षं मी बीम मोजले
आणि प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात
मुगाच्या दाण्याएवढी उरले: शे. तां.
रेखाटन शे. तां.
तपासणी कारखानीस.
जबाबदार कारखानीस.

महापालिकेत टेबलापलीकडच्या माणसाने
फाइल मागून पुढे चाळली.
अनुभव दिसतोय, म्हणाला, सही कुठे दिसत नाही.
तीच मागायला आलेय, म्हटलं.
तो हसला नाही.
गॅलरीच्या स्लॅबला मुख्य सळई कुठे असते?
वर.
हे पुस्तकात. साइटवर?
साइटवर ओतकाम करणारे तिच्यावरून घमेली घेऊन चालतात,
ती दबते, खाली जाते,
आणि वीस वर्षांनी कुणीतरी कपडे वाळत घालायला गॅलरीत येतं.
त्याने पेनाचं टोपण काढलं.

बोरा बाजारात शिक्के करणाऱ्याने अक्षरं उलटी जुळवली.
तांडेल? होडीवाले?
हो, वेसाव्याचे.
मग हा नंबर नीट बघून घ्या बाई, एकदा उमटला की उमटला.
रबरावर माझं नाव आरशातल्यासारखं,
मला ते पटकन वाचता आलं नाही.

बाबांनी शिक्का तळहातावर ठेवून
पापलेटाचा अंदाज घ्यावा तसा वरखाली केला.
आपल्या होडीच्या नाळीवर नंबर असतो ना, म्हणाले,
तो होडी ओळखायला नसतो.
होडी परत आली नाही तर
कुणाच्या दारात यायचं, ते कळायला असतो.
मग आईला म्हणाले, कालवण वाढ, हिला निघायचंय.

पहिलं काम आलं ते भरलेल्या फॉर्मसकट.
प्रभातकिरण सोसायटी, चेंबूर, तीन मजले, अठरा घरं.
सेक्रेटरी देढिया फोनवर गोड:
इमारत ठणठणीत आहे, मॅडम,
सी-टू-बी लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त सही.
फक्त.
हा शब्द मी अकरा वर्षं
कारखानीससरांच्या केबिनबाहेरून ऐकला होता.
त्यानंतर आत किती वेळ शांतता असायची
आणि ती कशाने भरलेली असायची,
हे मला आत्ता, फोन कानाला धरून, समजलं.

शनिवारी हातोडी घेऊन गेले.
लोबोबाईंनी पलंग सरकवला, देव्हाऱ्यातली मेणबत्ती विझवली,
वर बघून म्हणाल्या, मी तर रोज बघते, काही दिसत नाही.
ठोकलं. खण्ण. खण्ण.
गॅलरीपाशी बद्द.
पुन्हा बद्द, रिकाम्या माठासारखं.
कवच खरवडून थेंब टाकले.
निरोगी काँक्रीट लाजतं, गुलाबी होतं.
हे झालं नाही.
तसंच राखाडी बघत राहिलं माझ्याकडे.
सळई सापडली, जिथे नसायला हवी तिथे,
तळाशी, गंजून पापुद्रे सुटलेली.
बाईंनी चहा आणला होता.
गॅलरीत बसून पिऊ या, म्हणाल्या.
मी त्यांचा हात धरला, जरा जोरातच,
कप हिंदकळला, चहा बशीत सांडला.

रविवारी देढियांचा फॉर्म कोराच परत केला.
माझा अहवाल वेगळा लिहिला, सात पानं:
गॅलऱ्या आजपासून बंद,
टेकू सहा, तळमजल्यापासून, ताबडतोब,
आणि सी-टू-बी नव्हे.
खाली सही केली.
सही नेहमीसारखी आली नाही,
'ल'ची शेपटी थरथरली.
शिक्का मारला. अंगठ्याला जांभळी शाई लागली,
ती साबणाला दाद देईना.

देढिया आता फोन उचलत नाहीत.
दुसरा कुणी सही देईल, असं कळलंय,
देईलही.

मंगळवारी सकाळी न सांगता गेले.
टेकू लागले होते. सहा सांगितले, चार.
त्यातला एक तिरका.
वॉचमन म्हणाला, मॅडम, तुम्ही कोण?
मी पर्स खाली ठेवली,
त्याला म्हटलं, हा इकडून धर,
आणि खालची पाचर पायाने ठोकून
टेकू ओळंब्यात आणला.
मग नंबर सांगितला.