साठच आहे

माझ्या झेनच्या मीटरवर दोन वर्षं अंधार होता.
आधी पेट्रोलच्या काट्यामागचा दिवा गेला,
मग एकशेवीसच्या पुढचा कोपरा
(तिकडे कुणाला जायचं होतं म्हणा),
आणि एका रात्री मांगलियाच्या जरा अलीकडे
उरलेला सगळा उजेड एकदम.

देवासहून दुसरी पाळी सुटते अकराला.
शेजारच्या सीटवर सुहासिनी किबे, मांडीवर डबा,
किल्ल्यांच्या जुडग्यात बोटाएवढा टॉर्च.
मी विचारायचे, "किती?"
ती काचेवर उजेड पाडून वाकायची. "साठ."
क्षिप्रेच्या पुलावर, "किती?"
"साठ."
ट्रकला मागे टाकताना,
"साठच आहे गं, तू पुढे बघ."

छोट्या ग्वालटोलीत लखन चौकसेनं
कागदाच्या पुडीत सात एलईडी मोजून दिले, फुटाण्यांसारखे.
"सफेद ही लेना मॅडम, नीला आँख में चुभेगा."
मग पुडी उघडून एक परत काढून घेतला.
"बॅटरीवाला पुराना रहने दो."
का, ते सांगायला त्याला सवड नव्हती,
बाहेर एक टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर बसले.
चार स्क्रू शेवेच्या डब्याच्या झाकणात,
मग मीटरच्या मागे मनगटापर्यंत हात,
चाचपडत स्पीडोची केबल दाबून सोडवली.
बोटांना जी धूळ लागली
ती गाडी घेतली त्या सालची असावी,
मऊ, पिठीसारखी, तिला कुणी कधी हलवलंच नव्हतं.

मीटर पालथं घातलं टेबलावर.
तांब्याच्या वाटा, वळणावळणावर होल्डर,
पाव फेरा डावीकडे की हातात येतो.
जुना बल्ब वाटाण्याएवढा, काजळलेला,
कानाशी हलवला तर आत तुटकी तार वाजली.

त्याला कसंही खोचलं तरी चालायचं.
नव्याला दिशा लागते.
सहातले तीन मी उलटे बसवले,
आणि ते नुसते गप्प राहिले.
काढा, फिरवा, पुन्हा खोचा.
दारातून ह्यांनी विचारलं, "कळतंय का काही?"
म्हटलं, "प्लस-मायनस आहे."
ते पेपर घेऊन गेले.

बॅटरीचा दिवा राहू दिला.
कारण मागाहून कळलं, गाडीच्या जुन्या पुस्तिकेत:
किल्ली फिरवली की त्याच्यातून जो जरासा प्रवाह जातो
त्यानं अल्टरनेटर जागा होतो.
नव्या दिव्याला लागतं इतकं कमी
की त्याच्यानं कुणी उठत नाही.

सोमवारी रात्री किबे गाडीत बसली,
सवयीनं टॉर्च काढला, आणि तसाच धरून राहिली.
समोर दवाखान्यासारखा पांढरा उजेड,
चाळीसपाशी जरा जास्तच, शंभराकडे फिका.
पुलावर मी काही विचारलं नाही. पाहिलं.
पंच्याऐंशी.
किबे खिडकीबाहेर बघत होती,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

"कधीपासून?"
"पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं,"
ती म्हणाली, "तू असा ब्रेक मारलास की
सगळी आमटी माझ्या साडीवर."

काटा हळूहळू साठावर आणला.
साठाला ही गाडी वेगळीच वाजते,
दाराचं रबर कुठंतरी कुरकुरतं, 
किबेचा डबा आतून टिकटिकतो.
ढाबे एकामागून एक नीट वाचता आले.
विजयनगर अकरा मिनिटं उशिरा आलं.

उतरताना तिनं जुडगं चाचपलं.
"हा टॉर्च आता काढून ठेवते."

इंजिन बंद केलं होतं, किल्ली अजून एक घर पुढे,
पांढऱ्या उजेडात बॅटरीचा दिवा
लाल, जरासा आळसावलेला.

म्हटलं, "राहू दे."